इंजिन खोलण्याआधी: जुना ट्रक ठेवायचा की बदलायचा

जानेवारी २०२४ मध्ये मी माझ्या सहा टायरच्या छोट्या ट्रकचं फुल इंजिन काम केलं. १ लाख १८ हजार रुपये गेले. काम चोख झालं, थंडीतसुद्धा गाडी अर्ध्या सेल्फला उठायची. जूनमध्ये तिला बारा वर्षं पूर्ण झाली आणि नॅशनल परमिट (राज्याबाहेर माल न्यायचा परवाना) संपलं, ते पुन्हा मिळणार नव्हतं. आमचं उदगीर म्हणजे सीमेवरचं गाव. डाळमिलचा माल कमलनगर, भालकी, बिदर, तिथून पुढं हैदराबाद. गाडी ठणठणीत, पण हद्द ओलांडायला बंदी.

बारा वर्षांची ही अट मला त्या वेळी माहीत नव्हती. मिस्त्रीला माहीत असायचं कारण नाही, आणि एजंटाने विचारल्याशिवाय सांगितलं नाही. गाडीच्या धंद्यात नवे असाल, वडिलांची गाडी हातात आली असेल, नाहीतर एक जुनी गाडी घेऊन मोंढ्यात भाडं मारायला सुरुवात केली असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. मी उलट्या क्रमाने गेलो, तुम्ही सरळ जा.

१. आधी कागद, मग इंजिन

गाडी आवाज करायला लागली की आपण पहिल्यांदा मिस्त्रीकडे जातो. तसं न करता आधी घरी बसून आरसीवरची नोंदणीची तारीख बघा आणि एका कागदावर पुढच्या गोष्टी उतरवा.

नॅशनल परमिट किती दिवस चालेल? मल्टिअॅक्सल नसलेल्या मालवाहू गाडीला वयाच्या बाराव्या वर्षापर्यंतच ते मिळतं. मल्टिअॅक्सलला पंधरा वर्षं. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण लोक टायर मोजतात. सहा टायरची गाडी म्हणजे पुढे दोन, मागे चार. अॅक्सल दोनच, म्हणजे ती मल्टिअॅक्सल धरत नाहीत. दहा टायरची धरतात. तुमचा सगळा धंदा लातूर-नांदेड-परभणी असा राज्यातच असेल तर या अटीचा तुम्हाला त्रास नाही. आणि एकूण वजन ३,००० किलोच्या आतली छोटी गाडी असेल तर परमिटच लागत नाही.

फिटनेस सर्टिफिकेट कधी संपतं? पहिली आठ वर्षं ते दोन वर्षांनी करायचं असतं, त्यानंतर दरवर्षी. गाडी जुनी होत जाते तशी त्याची फी टप्प्याटप्प्याने वाढते. चालू आकडा परिवहनच्या पोर्टलवर दिसतो, तिथेच बघा, चहाच्या टपरीवर ऐकलेला धरू नका. महाराष्ट्रात व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर पर्यावरण करही आहे. नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (जास्त सुरक्षेची) नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघा, नाहीतर आरटीओतली कामं अडतात.

एक अफवा इथेच मोडून टाकतो. ‘दहा वर्षं झाली, डिझेल गाडी आता बंद’ असं सांगून स्वस्तात गाडी उचलणारे दलाल आहेत. दहा वर्षांची ती भानगड दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाची आहे. एमएच २४ (लातूर) किंवा एमएच ५५ (उदगीर) च्या गाडीला ती लागू नाही.

जवळ ठेवायचे कागद: आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, कराची पावती, कर्ज असेल तर फायनान्सचं स्टेटमेंट. या सगळ्यांतून एकच उत्तर काढायचं आहे: तुमचा आजचा धंदा या गाडीवर, कागदाच्या हिशोबाने, अजून किती महिने करता येईल. तो आकडा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

२. वर्षभराची वही

वही नसेल तर निर्णय महिनाभर पुढे ढकला, पण वही करा. पेट्रोलपंपाच्या पावत्या, गॅरेजची बिलं, फोनवरून केलेले पैसे, सगळं मिळून मागचं वर्ष उभं राहतं. टायर वेगळे लिहा. टायर नव्या गाडीलाही लागतात, ते जुनेपणाच्या खात्यात टाकू नका.

माझी २०२३ ची वही अशी होती. गाडी महिन्याला साधारण ३,५०० किलोमीटर चालायची, म्हणजे वर्षाला ४२,०००. दुरुस्तीचा खर्च १ लाख ४६ हजार. त्यात क्लच प्लेट, दोनदा नोझल, एकदा रेडिएटर, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि वायरमनची न संपणारी ये-जा. गाडी उभी राहिली ३८ दिवस.

या ३८ दिवसांकडे नीट बघा. त्यातले २१ दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे होते. सोयाबीनची सुगी, मोंढ्यात गाड्या मिळत नाहीत, आडते स्वतः फोन करतात, आणि आपली गाडी गॅरेजात जॅकवर. डिझेल आणि ड्रायव्हर वजा जाता दिवसाला २,२०० रुपये सुटतात असं धरलं तर ८३,६०० रुपये तिथेच गेले. सुगीत दर चढा असतो, म्हणजे खरं नुकसान याहून जास्तच. शिवाय एका आडत्याने त्या हंगामात दुसरी गाडी लावली आणि तिच कायम ठेवली. तो तोटा कोणत्या रकान्यात लिहायचा ते मला अजून कळलेलं नाही.

तिसरा खड्डा अॅव्हरेजचा. पूर्वी लिटरला ९ किलोमीटर देणारी गाडी ७ वर आली होती. ४२,००० किलोमीटरला ९ च्या हिशोबाने ४,६६७ लिटर लागतं आणि ७ च्या हिशोबाने ६,०००. लिटरला ९० रुपये धरले तरी वर्षाला १ लाख २० हजारांचा फरक पडतो, आणि तो रोज थोडा थोडा जात असल्यामुळे कळतही नाही.

तिन्ही मिळून जुनेपणाची किंमत वर्षाला साडेतीन लाखांच्या जवळ, महिन्याला २९ हजार. त्या वेळी नव्या गाडीसाठी १४ लाखांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं, असा हप्ता काढला तर तो ३०,४४० रुपये येत होता. आकडे इतके जवळ आले की मी गोंधळलो आणि गोंधळलेला माणूस करतो तेच केलं, मिस्त्रीचं ऐकलं.

३. चेसिस: खडू आणि डिझेल

इंजिन नवं होऊ शकतं, गिअरबॉक्स बदलता येतो, केबिनला पत्रा मारता येतो. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, गेली की मात्र बाकीच्या खर्चाला अर्थ उरत नाही. म्हणून इंजिनाआधी ती बघायची.

गाडी रिकामी करून धुऊन घ्या, वाळू द्या. पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला बसतात त्या जागा, गिअरबॉक्सच्या मागचा आडवा मेंबर आणि हौद्याचे यू-बोल्ट आवळलेल्या जागा तारेच्या ब्रशने घासून घ्या. तिथे डिझेल लावा (पूर्वी रॉकेल लावायचे, आता ते कुठे मिळतंय). दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने लख्ख पुसा आणि वरून पांढरा खडू घासा. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल खडूवर बारीक काळी रेघ उमटवतं. माझ्या गाडीला मागच्या डाव्या हँगरजवळ करंगळीएवढी रेघ आली. एकच होती, बोल्टच्या भोकापासून निघालेली, म्हणून पट्टी रिव्हेट करून निभावलं.

एकापेक्षा जास्त ठिकाणी रेघा आल्या, जुन्या वेल्डिंगच्या शेजारीच नवा तडा दिसला, किंवा गाडी सपाट जागेवर उभी करून मागून बघताना हौदा एका अंगाला कललेला वाटला, तर पुढच्या पायऱ्या वाचू नका. थेट सातव्यावर जा.

४. इंजिनाची खरी दशा

धूर वाचायला शिका. काळा धूर बहुतेक वेळा एअर फिल्टर, नोझल किंवा पंपाचा असतो, आणि त्यासाठी इंजिन उतरवायची गरज नसते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून सतत पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडचा संशय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या.

दुसरी परीक्षा फुकट आहे. इंजिन गरम करून चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. नाचून खाली पडलं आणि तोंडातून भकाभका वाफ आली तर रिंगा-लायनर झिजलेत. याला जोड म्हणून ऑइल किती खातं ते मोजा. माझी गाडी ६०० किलोमीटरला एक लिटर खात होती. मी प्रत्येक खेपेला पाच लिटरचा डबा केबिनमध्ये ठेवायचो आणि त्याला सवय म्हणायचो.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या, आणि ती इंजिन खोलण्याच्या आधी. एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असेल तर कधीकधी व्हॉल्व्हच्या कामावर भागतं. चारही कमी असतील तर फुल काम. एकदा इंजिन बाकड्यावर सुटं पडलं की तुमच्या हातात काही राहत नाही.

५. एस्टिमेट घेताना

“उस्ताद, किती लागतील?”

“मालक, खोलल्याबिगर कसं सांगू? साठ-सत्तर धरा.”

माझे साठ-सत्तर १ लाख १८ हजार झाले. उस्तादाने फसवलं नाही, क्रँक घासलेला निघाला, पंपही गेलेला निघाला. चूक माझी, मी वरची हद्द विचारली नाही. विचारायचं ते असं: ‘क्रँक, हेड, पंप, टर्बो सगळं खराब निघालं तर जास्तीत जास्त किती?’ त्या आकड्यावर निर्णय घ्या, साठ-सत्तरवर नाही.

लेथवर लायनर आणि क्रँकचं माप गेजने घेऊन कागदावर मागा. पार्ट शक्यतो स्वतः जाऊन, पक्क्या बिलावर आणा. काढलेले जुने पार्ट पोत्यात घालून घरी न्या, भंगारात दोन पैसे येतातच, पण मुख्य म्हणजे बदललेला पार्ट खरंच बदलला हे दिसतं. आणि कोणी ‘ब्लॉकच दुसरा टाकू, सेकंडहँड मिळतो’ म्हणालं तर लक्षात ठेवा: ब्लॉकवर इंजिन नंबर असतो. तो बदलला की आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी. ती नसेल तर फिटनेसला, विक्रीला, आणि देव न करो अपघात झाला तर विम्याला, तिन्हीकडे अडकाल.

६. वसुलीचे महिने

आता पहिल्या पायरीचा कागद आणि पाचव्या पायरीचं एस्टिमेट शेजारी ठेवा.

इंजिन कामाने माझी गाडी ७ वरून साडेआठवर आली. जुन्या रनिंगने वर्षाला साधारण १,०६० लिटर वाचलं असतं, म्हणजे ९५ हजार, महिन्याला जवळपास आठ हजार. १ लाख १८ हजार वसूल व्हायला पंधरा महिने. कागदात काही अडचण नसती तर हा सौदा उत्तम होता, नव्या गाडीचा विचारही करायला नको होता. पण माझ्या परमिटचे उरले होते पाच महिने. त्यानंतर रनिंग महिन्याला २,००० वर आलं, कमी चाललेल्या गाडीत बचतही कमी, आणि वसुली लांबत गेली.

वसुलीचे महिने कागदाच्या महिन्यांच्या निम्म्याहून कमी असतील तर बिनधास्त दुरुस्ती करा. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर फक्त चालू ठेवण्यापुरतं काम करा, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, किंगपिन (पुढची चाकं जिच्यावर वळतात ती पिन), टायर. या चार गोष्टींत गाडी उद्या विकायची असली तरी कंजुषी नको. वसुलीचे महिने जास्त असतील तर इंजिनाला हात लावू नका, आहे तशी विका. नुकतंच इंजिन काम केलेल्या जुन्या गाडीला ग्राहक खर्चाच्या निम्मेही वाढवून देत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

वेळही बघा. मोठं काम काढायचंच असेल तर तूर-हरभऱ्याची आवक ओसरल्यावर, एप्रिलच्या पुढे काढा. लोक दसऱ्याच्या तोंडावर गाडी खोलतात, तेव्हा लेथवाल्याकडे आधीच पंधरा इंजिनं पडलेली असतात.

७. दुसरी गाडी घ्यायचीच ठरली तर

नवी की पाच-सहा वर्षांची जुनी, हा प्रश्न पुन्हा त्या बारा वर्षांच्या अटीवर येतो. सीमेपलीकडे धंदा असेल तर सहा वर्षांची दोन अॅक्सलची गाडी म्हणजे परमिटची सहाच वर्षं हातात. कर्ज पाच वर्षांचं काढलंत तर हप्ते संपल्यावर एक वर्ष राहतं. राज्यातल्या धंद्याला मात्र ती गाडी चांगली चालेल.

जुनी घेताना सध्या एक जादा सावधगिरी हवी. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पूर आले, अनेक गाड्या पाण्यात राहिल्या, आणि त्या धुऊन-रंगवून बाजारात येतात. सीटखालच्या पत्र्याचा कोपरा, फ्यूज बॉक्सची मागची बाजू, डॅशबोर्डच्या आतलं वायरिंग बघा. वाळलेला बारीक गाळ तिथून पूर्ण निघत नाही. नंबर परिवहनच्या पोर्टलवर टाकून बोजा, थकीत चलन आणि काळ्या यादीची नोंदही तपासा.

नवी घेणाऱ्यांसाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मी त्याच नोव्हेंबरात गाडी काढली. जुने हिशोब काढून ठेवले असतील तर ते पुन्हा मांडा, उत्तर बदलू शकतं. हप्ता ठरवताना पावसाळ्याचे महिने डोळ्यांसमोर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये भाडं कमी आणि हप्ता तोच. काही फायनान्सवाले सुगीप्रमाणे हप्ते कमी-जास्त करून देतात, ते आपण होऊन सांगत नाहीत.

१ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमाच्या आहेत. माझी जुनी गाडी उस्ताद आवाजावरून ओळखायचा. नवीला स्कॅनर लागतो. सायलेन्सरच्या जागी काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो तापून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग पळावी लागते. मोंढा ते गोदाम, गोदाम ते मोंढा असं दिवसभर तीन-तीन किलोमीटर करणाऱ्या गाडीत तो तुंबतो. आठवड्यातून एकदा तरी लातूर रोडला लांब काढा. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की दुर्लक्ष करू नका.

डीईएफ (धूर साफ करायला लागणारं युरियाचं द्रावण) लागणारी गाडी असेल तर ते सीलबंदच घ्या. त्यात युरिया ३२.५ टक्के असतो हे ऐकून आमच्या ओळखीतल्या एकाने खताच्या पोत्यातला युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतला. खताचा युरिया वेगळा, आपलं पाणी क्षाराचं. पूर्ण सिस्टीम बदलावी लागली, आणि वॉरंटीत बसली नाही.

८. जुनी देताना

दोन वाटा आहेत, विक्री किंवा स्क्रॅप. स्क्रॅप करायची तर नोंदणीकृत केंद्रातच द्या. तिथे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते, आणि केंद्राच्या नियमात व्यावसायिक गाडीला मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर यातलं काहीच नाही, आणि आरसी तुमच्या नावावर जिवंत राहते.

चालू गाडीला मात्र गिऱ्हाईक मिळतं. माझी एका वीटभट्टीवाल्याने घेतली, तालुक्यातल्या तालुक्यात फिरवायला. कागद लागले ते असे: फॉर्म २९ आणि ३०, आरसी, चालू विमा, फिटनेस, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन. कर्ज फिटलेलं असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी.

‘सह्या करून ठेवा, नावावर मी नंतर करून घेतो’ हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाईक बोलतं. मान्य करू नका. विक्री कळवायला विकणाऱ्याला १४ दिवस असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव तो. गाडी तीन हात फिरली तरी नोटीस तुमच्याच घरी येणार. मी २० हजार रुपये घ्यायचे राखून ठेवले होते आणि चावी देतानाच सांगितलं होतं, नाव चढेपर्यंत गाडीचा मूळ विमा माझ्याकडे राहील. वीटभट्टीवाला थोडा नाराज झाला, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच आरटीओच्या अपॉइंटमेंटची तारीख घेऊन आला.

फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. मी आठ दिवस विसरलो आणि एका रात्री सव्वादोनला टोलचा मेसेज आला. तालुक्यात फिरणारी गाडी सोलापूरकडे कशी गेली ते विचारायला फोन केला, तर म्हणाले, “भाऊ, विटाच होत्या, पाहुण्याच्या बांधकामाला.”

पुढचे दीड महिने मी दर रविवारी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकत होतो. मालकाच्या नावाची आद्याक्षरं बदललेली दिसली, तेव्हा त्यांना विम्याचा मूळ कागद नेऊन दिला आणि राहिलेले २० हजार घेऊन आलो.